दोन कचेऱ्या आणि एक खांदा

बेकारी भत्त्याच्या कचेरीत आमच्या ह्यांनी जे उत्तर दिलं, ते देताना मी शेजारी असते तर टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला असता. पण मी तेव्हा दुकानात कुणाच्या तरी पँटची चेन उसवत बसले होते. कपडे धुऊन देण्याचं एक दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत माझं शिलाई मशीन. लांब पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, पोट सुटलेल्यांच्या कमरा ढिल्या करायच्या, हे माझं काम. रजा मागितली की मालकीणबाई तोंड वाकडं करते. म्हणून म्हटलं, साधी कचेरी आहे, जातील एकटे. पन्नाशीला टेकलेला माणूस, नाव-पत्ता सांगून येईल. आणि तिथेच सगळं फिसकटलं.

खिडकीतल्या मुलीने विचारलं, "तुम्ही काम करू शकता का?"

हे म्हणाले, "हो."

"कोणत्या प्रकारचं?"

"कोणतंही."

"तब्येतीची काही अडचण? डॉक्टरांनी काही बंधन घातलंय?"

"छे छे."

त्या बिचारीने टकटक करून तसंच यंत्रात घातलं. तिचा काय दोष? समोरचा माणूस छाती काढून सांगतोय, तर ती काय त्याचा शर्ट काढून बघणार होती? आणि या माणसाच्या उजव्या खांद्यातला स्नायू तेव्हा हाडापासून सुटून लोंबत होता. चहाचा कप ते डाव्या हाताने उचलत. डॉक्टरांनी काय जमेल, काय जमणार नाही ते लिहून दिलेला कागद घडी घालून त्यांच्या खिशातच होता. तो खिशातून बाहेर आला नाही.

हे असं का झालं ते कळायला ह्यांचा धंदा कळायला हवा. हे काच बसवणारे. घराच्या खिडकीची वीतभर काच नव्हे. दुकानांच्या दर्शनी काचा, दवाखान्यांच्या, बँकांच्या भिंतीएवढ्या काचा. त्या एकट्याने हलत नाहीत. दोघे लागतात, दोन टोकांना एकेक, आणि हातात काचेला घट्ट चिकटणाऱ्या रबरी मुठी. उचलण्याआधी मागचा विचारतो, "घेतलं?" पुढच्याने ताबडतोब म्हणायचं, "घेतलं." वजन हातात पुरतं येण्याआधीच म्हणायचं. जो म्हणेल "थांब जरा, बघू दे", त्याच्याबरोबर दुसऱ्या दिवशी कुणी जोडी लावत नाही. दोन माणसांच्या मध्ये काच असताना एकाने विचार करत बसणं परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं. उमेदीची सगळी वर्षं त्यात गेलेल्या माणसाला हो म्हणायची सवय लागते. बाहेरही कुणी काही विचारलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं, "जमेल." शेजारणीचं कपाट जिन्यावरून चढवायचंय? जमेल. कुणाचं नळाचं काम? जमेल. त्यातलं ओ की ठो कळत नसलं तरी जमेल. काचेच्या कारखान्यात, जिथे हे नोकरीला, त्यांना सगळे जमेलरावच म्हणायचे.

सासूबाईंना याचं भारी कौतुक. "माझ्या लेकाने कधी कुणाला नाही म्हटलं नाही," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

मी एकदा म्हटलं, "लग्नाला पण विचार न करताच हो म्हणाले असतील."

त्या म्हणाल्या, "मग, भोगतोय ना."

आमचं दोघींचं हे असं चालतं. बाहेरच्यांना भांडण वाटतं.

ह्यांचा जोडीदार म्हणजे माझा धाकटा भाऊ. ह्यांनीच त्याला या धंद्यात आणला, हाताला धरून शिकवला. शिकवताना पहिल्या दिवशी जे सांगतात तेही सांगितलं, की पडणारी काच धरायची नाही. सोडायची आणि मागे उडी मारायची. काच दुसरी येते, माणूस येत नाही. माझ्या आईच्या घरी ओट्याशी उभे राहून हे त्याला बजावत होते आणि मी ऐकत होते.

मग एका बँकेत दरवाजावरच्या उंच चौकटीत काच चढवत होते. दोघे दोन फळ्यांवर, काच डोक्याच्या वर. भावाकडची रबरी मूठ निसटली, तो तोल जाऊन खाली पडला, तो नेमका काचेच्या खाली. तेव्हा ह्यांनी काच सोडली नाही. भाऊ सरपटत बाहेर येईपर्यंत ते सगळं धूड एका उजव्या हातावर तोलून धरलं, आणि मग सोडलं. भावाला ओरखडासुद्धा आला नाही. तो सांगतो की काच फुटायच्या आधी त्याला नवं कापड टर्रकन फाडल्यासारखा आवाज आला. तो ह्यांच्या खांद्याचा होता.

कामावर झालेली इजा, त्यामुळे नुकसानभरपाईचं प्रकरण झालं. कारखान्याच्या विमा कंपनीने डॉक्टरांचा खर्च द्यायचा, बुडालेल्या पगारातला हिस्सा द्यायचा, असा कायदा आहे. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून स्नायू पुन्हा हाडाला शिवता येईल, पण फार थांबू नका. सुटलेला स्नायू आखडत जातो. काही महिन्यांनी तो ओढून हाडापर्यंत पोचतच नाही, मग शिवणार काय? हे मला नीट कळलं. कडेला कापडच उरलं नाही तर मीसुद्धा शिवण घालू शकत नाही. विमा कंपनीने ऑपरेशनला मंजुरी दिली, पुढची तारीख मिळाली.

तोवर कारखान्याने ह्यांना गोदामात बसवलं. रबरी पट्ट्या लांबीप्रमाणे लावायच्या, फोन आला तर घ्यायचा. हलकं काम. हे तिथेही गप्प बसेनात, डाव्या हाताने खोकी ढकलत. मग कारखान्याकडे काम कमी झालं, माणसं कमी करायची ठरली आणि सगळ्यात आधी गोदामातली खुर्ची गेली. मुकादम म्हणाला, "तुम्हाला देण्यासारखं हलकं काम आता आमच्याकडे नाही. बेकारी भत्ता मिळतोय का बघा."

कामगार संघटनेच्या कचेरीत एक सल्लागार बसतात. चष्मा कपाळावर चढवून तोच टेबलावर शोधणारे, पण कायदा त्यांना मुखोद्गत. आम्ही दोघेही गेलो होतो. त्यांनी ह्यांना समोर बसवून लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं.

"हे बघा जमेलराव. भरपाईवाले विचारणार, तुम्हाला काय करता येत नाही? भत्तेवाले विचारणार, तुम्हाला काय करता येतं? भत्ता फक्त काम करू शकणाऱ्याला मिळतो. म्हणून लोकांना वाटतं की दोन्हीकडे एकदम जाता येत नाही. येतं. पण उत्तर दोन्हीकडे एकच द्यायचं. काच उचलायचं काम आता जमत नाही. बसून करायचं हलकं काम जमतं, आणि कुणी दिलं तर उद्यापासून येतो. डॉक्टरांचा कागद दोन्हीकडे तोच दाखवायचा. मग दोन्ही हक्काचं आहे. एकातून दुसरं थोडं वजा होईल, होऊ दे. पण एकीकडे 'हात गेला' आणि दुसरीकडे 'सगळं येतं' असं सांगितलंत, तर दोघेही तुम्हाला खोटारडा म्हणतील आणि मला तोंड उघडायला जागा राहणार नाही. कळलं?"

"कळलं," हे म्हणाले.

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. फार पटकन म्हणाले.

पुढे जे झालं ते वर सांगितलंच. भत्ता सुरू झाला. दर आठवड्याला फोनवर यंत्र विचारायचं, या आठवड्यात तुम्ही काम करण्यास सक्षम होतात का, आणि हे यंत्रालाही हो म्हणायचे. गंमत म्हणजे कामं शोधत होते ती सगळी हलकीच. वाहनतळावर पावत्या द्यायचं काम, एका शाळेच्या दारावर बसायचं काम, फोनवर तक्रारी घ्यायचं काम. म्हणजे करणी खरी होती, बोलणं तेवढं खोटं. जगात सहसा उलटं असतं.

एरवी आपल्याला एखादा कागद हवा असला की या कचेरीला त्या कचेरीचा पत्ता नसतो. पण यावेळी त्यांचं एकमेकींशी कसं सूत जुळलं कोण जाणे. विमा कंपनीचं पत्र आलं. अर्जदार स्वतःच्याच सांगण्यानुसार कोणतंही काम करण्यास पूर्ण सक्षम आहे, सबब भरपाई थांबवण्यात येत आहे, ऑपरेशनची मंजुरी मागे घेण्यात येत आहे. हरकत असल्यास सुनावणीला हजर राहावं.

मी ते पत्र उभ्यानेच वाचलं आणि मला इतका संताप आला की हातातली कात्री आधी खाली ठेवली.

"काय सांगितलंत तिथे?"

"काय सांगायचं? विचारलं ते सांगितलं."

"डॉक्टरांचा कागद?"

"होता की खिशात."

"खिशाला दाखवायला दिला होता का तो?"

मग हळूहळू बाहेर आलं. रांगेत ह्यांच्या मागे त्यांच्याच धंद्यातले दोघे उभे होते. "आणि ती मुलगी एवढीशी," हे म्हणाले. "तिच्यासमोर काय सांगू, मला पातेलं उचलत नाही म्हणून?"

"हो! तेच सांगायचं! त्याचेच पैसे आहेत ते!"

"अगं, लोक ऐकत होते."

"लोक तुमचं ऑपरेशन करणार आहेत का?"

मला वाटलं, सासूबाई आता लेकाची बाजू घेणार. पण त्या पलंगावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "लहानपणी याला ताप आला की हा पाण्याने तोंड धुऊन यायचा. कपाळ गार लागावं म्हणून. दोनदा मरता मरता वाचलाय." एवढं बोलून त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. मी पहिल्यांदा त्यांच्यावर चिडू शकले नाही.

मला भीती वाटत होती, सरळ सांगते. पैशाचं कसंही निभलं असतं, मी आणखी चार कमरा ढिल्या केल्या असत्या. पण तो स्नायू आखडत चालला होता. दर दिवशी थोडा थोडा. ही सुनावणी हातची गेली तर पुढचं अपील होईपर्यंत शिवायला काही उरणार नव्हतं, आणि मग ह्यांचा तो हात कायमचा तसाच राहणार होता. असा हात घेऊन हा माणूस म्हातारा कसा होणार, हे मला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं.

सुनावणीच्या आधी सल्लागारांनी ह्यांना पुन्हा पढवलं. "उद्या शूरपणा करायचा नाही. फक्त खरं सांगायचं. जमतं ते जमतं, नाही ते नाही." माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि वहिनी, तुम्ही तिथे बोलायचं नाही. तुम्ही साक्षीदार नाही. आवाज झाला तर बाहेर काढतील."

"मी कशाला बोलेन?" मी म्हटलं. सल्लागारांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

भाऊ म्हणाला, मीही येतो, गाडीने नेतो तुम्हाला. मी त्याला नको म्हटलं होतं. पण तो ऐकेना. अपघात झाल्यापासून तो असाच आहे. दर सुट्टीला घरी यायचा, दारातूनच विचारायचा, "भाऊजी, हात कसा आहे?" हे म्हणायचे, "ठणठणीत!" मग तो न बोलता बसायचा, चहा घ्यायचा, जायचा. जाताना माझ्या नजरेला नजर देत नसे. पूर्वी तो आला की घर डोक्यावर घ्यायचा.

सुनावणीची खोली म्हणजे एक लांब टेबल, पाण्याचा जग, आवाज नोंदवणारं छोटं यंत्र आणि नीट न लागणारी एक खिडकी. ह्यांचं सगळं लक्ष त्या खिडकीत. अधिकारी एक बाई होत्या. त्यांना सडकून सर्दी झालेली, रुमालाशिवाय एक वाक्य पुरं होईना. समोर विमा कंपनीचा वकील, तरुण, बोलायला अगदी गोड. त्याच्या पँटची एका पायाची दुमड सुटलेली होती आणि ती त्याने आतून चिकटपट्टीने बसवली होती. मी सगळ्यात आधी तेच पाहिलं आणि मला उगाच बरं वाटलं. भाऊ मागच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला. मी त्याच्या पुढच्या.

सल्लागारांनी आमची बाजू चांगली मांडली. डॉक्टरांचा कागद दिला, ह्यांनी ज्या ज्या हलक्या कामांसाठी अर्ज केले ते दाखवले. म्हणाले, माणूस काम करू शकतो आणि तरीही त्याचं स्वतःचं काम करू शकत नाही, यात काही विसंगती नाही. भत्त्याच्या कचेरीत त्याने अर्धीच गोष्ट सांगितली, ही चूक झाली. अधिकारीबाई मान डोलावत होत्या, निदान शिंका येत नव्हत्या तेव्हा तरी.

मग वकिलाने ह्यांना प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"घरात कामं करता?"

"करतो."

"कपडे स्वतः घालता?"

"हो."

"वरच्या फळीवरचं सामान काढता?"

हे क्षणभर थांबले. मी मनात म्हटलं, सांगा, आता सांगा.

"काढतो," हे म्हणाले.

सल्लागारांचा चष्मा कपाळावरून घसरून नाकावर आला.

"केस स्वतः विंचरता?"

"हो. म्हणजे काय?"

मला वाटलं, हा माणूस आता वकिलासमोर मर्दुमकी दाखवतोय. मनात शिव्या तयार झाल्या. पण मग मी पाहिलं की ते वकिलाकडे बघतच नव्हते. प्रत्येक उत्तर देताना त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे जात होती. मी मागे वळून पाहिलं. भाऊ मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत होता, आणि दर उत्तराला त्याचा खाली घातलेला चेहरा जरा सैल होत होता. तेव्हा मला कळलं. हे वकिलाला उत्तरं देत नव्हते. माझ्या भावाला देत होते. वरची फळी, शर्ट, केस, सगळं त्याच्यासाठी. आपल्यामुळे भाऊजींचा हात गेला असं त्याला वाटू नये म्हणून हा माणूस हात खरोखरच घालवायला बसला होता.

मग मला राहवलं नाही. उभी राहिले.

"खोटं आहे ते," मी म्हटलं. "केस मी विंचरते. रोज. शर्टाची बाही मी चढवते. आंघोळीला पाठ मी चोळते. वरच्या फळीवर आमच्याकडे आता काही ठेवतच नाही."

"बाई, खाली बसा," अधिकारी म्हणाल्या.

"बसते. पण हे लिहून घ्या."

वकील हसला. अगदी सभ्यपणे म्हणाला, "म्हणजे अर्जदार खोटं बोलतात, हे त्यांच्या पत्नीलाही मान्य आहे."

"आहेच मान्य!" मी म्हटलं. "तुम्ही म्हणता, हे दुखत असल्याचं खोटं सांगतात. मी म्हणते, हे दुखत नसल्याचं खोटं सांगतात. सगळ्यांना सांगतात. त्या खिडकीतल्या मुलीला सांगितलं, फोनच्या यंत्राला सांगितलं, आता तुम्हाला सांगताहेत. माझ्या भावाला तर दर सुट्टीला सांगतात. यांना फक्त हो म्हणता येतं, वकीलसाहेब. यांना तुम्ही विचारलं ना, की उडता येतं का, तर आधी हो म्हणतील आणि मग खिडकी शोधतील."

सल्लागारांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मागे खुर्ची करकरली. अधिकारीबाईंनी नाक पुसलं, रुमाल घडी करून ठेवला आणि ह्यांना विचारलं, "तुमच्या पत्नी सांगतात ते खरं आहे का?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तसं कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांना भर सभेत उघडं पाडलं होतं, तेही ज्याच्यापासून झाकायचं त्याच्याच समोर. मला वाटलं, आता म्हणतात, नाही, ती काहीही बोलते. म्हणाले असते तर सगळंच संपलं असतं, ऑपरेशनसुद्धा आणि आणखीही बरंच काही.

"ती खोटं बोलत नाही," हे म्हणाले. मग जरा थांबून, "विंचरते ती. पण मला घाई असते म्हणून."



निकाल नंतर पत्राने आला, पण तो आत्ताच सांगून टाकते, कारण माझ्या डोक्यात तो दिवस निकालापाशी संपत नाही. ऑपरेशनची मंजुरी परत मिळाली. भरपाई पुन्हा सुरू झाली. भत्त्याच्या कचेरीत ह्यांना नव्याने जबाब द्यावा लागला, डॉक्टरांचा कागद समोर ठेवून. या वेळी मी बरोबर होते आणि माझा पाय टेबलाखाली तयार होता. भत्त्यातले काही पैसे पुढे वजा झाले, लेखी समज मिळाली, पण फसवणूक केली असा ठपका बसला नाही. सल्लागार म्हणाले, निकालपत्रात अधिकारीबाईंनी असं लिहिलंय की अर्जदाराने आपली क्षमता वाढवून सांगितली याबद्दल त्यांची खात्री पटली आहे, आणि ती खात्री कोणाच्या साक्षीमुळे नव्हे तर सुनावणीत प्रत्यक्ष पाहिल्यामुळे पटली आहे.

ते प्रत्यक्ष पाहिलेलं असं.

माझं बोलून झालं, मी बसले. अधिकारीबाई ह्यांना म्हणाल्या, "जरा उभे राहा. उजवा हात बाजूने वर करा. जितका जाईल तितका. घाई नाही."

सल्लागार हळूच म्हणाले, "दुखेल तिथे थांबा."

हे उभे राहिले. शर्ट खाली ओढून नीट केला. हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि अडकला. सगळ्यांना दिसलं. अधिकारीबाई म्हणाल्या, "ठीक आहे," आणि लिहायला लागल्या.

पण ह्यांनी हात खाली घेतला नाही. तो पुढे रेटला. कोपर थरथरायला लागलं. हात जाईना म्हणून त्यांनी सगळं अंगच डावीकडे झुकवलं, म्हणजे हात वर गेल्यासारखा दिसावा. मग टाचा उचलल्या. कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा वर आल्या, ओठ दाताखाली गेला. तो हात वर गेला असता तर ऑपरेशन गेलं असतं. त्या खोलीत हे प्रत्येकाला माहीत होतं, ह्यांनाही होतं. आणि तरी ते जीव खाऊन हात वर नेत होते, एका बोटाएवढा, अर्ध्या बोटाएवढा. वकिलाने पेन खाली ठेवलं. मला बघवेना. मी आयुष्यात कधी कुणाची इतकी कीव केली नाही आणि कधी कुणाचा इतका रागही केला नाही, आणि त्या दोन्हींच्या तळाशी माया होती. ती अशा वेळीच कशाला उसळून यावी?

"अहो, पुरे," मी म्हटलं.

"पुरे," अधिकारीबाईही म्हणाल्या. "मला दिसलं. खाली घ्या हात."

भाऊ कधी पुढे आला ते मला कळलं नाही. तो ह्यांच्या शेजारी उभा होता, आणि त्याचे डोळे पाझरत होते. त्याने दोन्ही हातांनी ह्यांचं कोपर खालून धरलं. "भाऊजी, सोडा," तो म्हणाला. "मी धरलाय. सोडा आता."

ह्यांनी सोडलं. हात भावाच्या हातांत निपचित पडला. हे धापा टाकत होते. परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा चेहरा झाला होता. अधिकारीबाईंकडे त्यांनी पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. माझ्या भावाकडे वळले आणि अगदी हळू आवाजात त्याला म्हणाले, "सकाळी याच्यापेक्षा बराच वर गेला होता रे."